डाव्या डोळ्याची ट्यूब

प्रिय डॉक्टर,

या हाकेवरूनच ओळखलं असशील की आई भडकली आहे. एरवी तू मला अजून पिल्लूच आहेस. पण फोन केला की तू ‘ओपीडीत आहे गं’ म्हणून कटवतोस. पत्राला ओपीडी सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

काल आम्ही दोघं तुझ्या बाबांच्या गोळ्या आणायला औषधांच्या दुकानात गेलो, तर काउंटरवर ट्यूबच्या खोक्यावर माझेच डोळे! एका फोटोत ओघळलेल्या पापण्या, शेजारी ऑपरेशननंतरचा टवटवीत उजवा डोळा, आणि खाली ठळक अक्षरांत की वनस्पतीच्या अर्काने सूज झपाट्याने उतरते, संशोधनाने सिद्ध. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तुझ्या बाबांची मात्र कोण छाती फुगली! दुकानदाराला म्हणाले, ही आमची मंडळी, आणि ट्यूब लावणारा हा मी. वरच्या मजल्यावरच्या वहिनी पुढच्या महिन्यात पापण्या करून घेणार आहेत. त्यांनी दोन खोकी घेऊन ठेवलीत. डॉक्टरांचे थेंब जळजळतात म्हणे, त्यापेक्षा हे झाडपाल्याचं बरं. का, तर तुमचा डोळा बघितला ना आम्ही!

अरे, माझ्या डोळ्यांना झालं काय होतं? वय झालं होतं, एवढंच. साठी उलटलेल्या बाईच्या पापण्या साठी उलटल्यासारख्याच दिसणार. तूच महिनाभर मागे लागलास, आई तू दमलेली दिसतेस, आई तू झोपाळू दिसतेस. मग हळूच खरं काय ते बाहेर आलं. तुझ्या संशोधनाला पेशंट कमी पडत होते. मी पापण्यांच्या ऑपरेशनला हो म्हटलं, कारण मुलगा मागतोय, आणि खरं सांगायचं तर मला तुझी पद्धत आवडली. ऑपरेशननंतर सुजेवर लावायच्या दोन ट्यूब, एक उजव्या डोळ्याची, एक डाव्या डोळ्याची. एकीत अर्क, दुसरीत नुसतं साधं जेल, आणि कुठलीत काय ते पेशंटला ठाऊक नाही, तुलाही नाही. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला आणखी काय हवं! मनात म्हटलं, पोरगं शिकलं हो.

ट्यूब लावायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. मी आरामखुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून, आणि ते समोर स्टुलावर. ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण गाडीत शिकणारा आणि शिकवणारा दोघांची तोंडं एकाच दिशेला असतात. समोर बसलेल्या बायकोचं डावं-उजवं त्यांनी कधी बघितलंय? त्यांनी आपल्या उजव्या हाताकडच्या डोळ्याला ‘उजवा’ लिहिलेली ट्यूब लावली. शेवटपर्यंत. शेवटच्या दिवशी मी सहज डोळे उघडले आणि माझ्या डाव्या डोळ्याकडे येणारी उजवी ट्यूब बघितली. हसू आवरेना. बाबांना काही सांगितलं नाही, उगीच हिरमुसले असते. पण तुला त्याच क्षणी फोन केला. तू म्हणालास, लिहून घेतो.

काय लिहून घेतलंस? कुठल्या ट्यूबमध्ये काय याची कुलपातली यादी उघडल्यावर उजव्या ट्यूबमध्ये अर्क निघाला. म्हणजे तो माझ्या डाव्या डोळ्याला लागला, जो कितीतरी दिवस लालभडक आणि टम्म होता. साधं जेल लागलेला उजवा डोळा पटकन बरा झाला, आणि तोच तू अर्काच्या नावावर खपवलास, वर खोक्यावर चढवलास! मी विचारलं तेव्हा म्हणालास, तुला वगळलं तर निकाल बसत नाही, आई. बसत नाही तर उभा राहू दे की! झाडपाल्याशी माझं भांडण नाही. असेलही तो गुणाचा. पण आता ते कळायचं कसं? घरोघरी कोणीतरी नवरा, कोणीतरी बहीण अशीच समोर बसली असणार. कोणाकोणाची अदलाबदल झाली, एकाला तरी विचारलंस?

पाचवीत माझ्याच वर्गात होतास तेव्हाचं आठवतं? मुगाच्या दोन कुंड्या, एक खिडकीत, एक कपाटात. कपाटातली रोपं पांढुरकी, पण जास्त उंच वाढली, आणि तू रडकुंडीला येऊन कुंड्यांवरच्या चिठ्ठ्या बदलायला निघालास, कारण पुस्तकात उजेडाची बाजू घेतली होती. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, दिसलं ते लिही. तू नाक पुसत पुसत लिहिलंस. त्या दिवशी मला तुझा जेवढा अभिमान वाटला तेवढा तुझी डिग्री बघूनही वाटला नाही. आज तो हात कोणी धरायचा? एवढा मोठा डॉक्टर झालास आणि आईच्या फोनकडे सरळ कानाडोळा केलास. लाज वाटते रे मला. रागापेक्षा लाजच जास्त वाटते.

आता हे पत्र का, ते सांगते. रविवारी डॉक्टरांच्या सभेत तू मला स्टेजवर बसवणार आहेस, चालताबोलता पुरावा म्हणून. मी येणार आहे. ठेवणीतली साडीही काढून ठेवली आहे. तू बोलायला उभा राहशील तेव्हा ट्यूबांची अदलाबदल पहिल्यांदा सांग, आणि ती खोकी दुकानांतून परत मागव. तू नाही सांगितलंस तर माइक माझ्या हातात येईल तेव्हा मी सांगेन, आणि माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो हे तुला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट. बाबांची उजवी पापणी आता एवढी खाली आली आहे की पेपर वाचताना ते बोटाने वर धरतात. हे सौंदर्यासाठी नाही, त्यांना दिसत नाही. त्यांचा हट्ट आहे की कापायचं तर आपल्या पोरानेच, दुसऱ्या कोणाच्या हाताखाली ते झोपणार नाहीत. मलाही तेच हवं आहे. पण ऑपरेशनमध्ये काही चुकलं, तर ते चुकलं म्हणून सांगणारा डॉक्टर मला त्यांच्या उशाशी हवा. तो तूच आहेस की दुसरा शोधू, ते मी रविवारी बघते.

तुझीच,
खोक्यावरची आई