फौजदाराची टोपी

धुळे, गुरुवार, १२ डिसेंबर १९६८

आज नानांची फार आठवण येते आहे. माझ्या आधी तेच इथले सरकारी वकील. फौजदार केस घेऊन आला की म्हणायचे, "कागद आत, टोपी बाहेर." तो व्हरांड्यात उभा राही आणि नाना एकटे वाचत बसत. पुरावा नसेल तर सरळ नाही म्हणत.

आज फौजदार माझ्याकडे आला. "वकीलसाहेब, त्या शिरपूरच्या मजूर पुढाऱ्याला जामीन मिळता कामा नये. आमदारांचा निरोप आहे." पुरावा विचारला तर नुसता हसला. मी म्हणालो, "बघतो." बघतो! नाना असं कधी म्हणाले होते का?

नाना आता देवपुरात असतात. पूल ओलांडला की घर. जाऊन पायाशी बसावंसं वाटतं. पण सांगू काय? फौजदाराची टोपी माझ्या टेबलावर होती, आणि तिला जागा करायला कागद मीच बाजूला सारले.