चौदाशे निरनिराळी पाकिटं

३ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. परराष्ट्र खात्याच्या जिन्यात एक माणूस वजनकाटा उघडून बसला होता, ते बघण्यातच माझी दुपार गेली. असो, ताईचं सांगते.

परदेशातल्या तुरुंगाच्या दवाखान्यात कैद्यांना मारतात, हे आपल्या ताईने नर्स म्हणून लिहून दिलं. त्यांनी तिलाच आत टाकलं, त्याला सत्तर दिवस झाले. आणि आपलं सरकार म्हणतं, तो त्यांचा घरचा मामला! मग मीही हट्टाला पेटले. खात्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले आणि येईल त्याला धरून चौदाशे सह्या घेतल्या, सगळ्या एकाच कागदी गुंडाळीवर. जिन्यात उलगडली तर दोन मजले खाली गेली! आवक खिडकीवरच्या बाईंनी शिक्का मारून नंबर दिला. तुझी लेक, आपली ताई, सुटून आलीच समज.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

अगं, सरकारी आवक-जावक टेबलावर माझी अठ्ठावीस वर्षं गेली, आणि मला विचारायचं तुला सुचलं नाही? सह्या चौदाशे असोत की चौदा, अर्ज एक, नंबर एक, उत्तर एक: ‘नोंद घेतली’. तुझी गुंडाळी आता कपाटावर धूळ खात असेल.

पाकिटं वेगळी हवीत, अक्षर ज्याचं त्याचं, आणि प्रत्येकात एकच वेगळा प्रश्न. आपले राजदूत ताईला कितीदा भेटले? कोर्टात का गेले नाहीत? प्रत्येकाला वेगळा नंबर पडतो आणि पंधरा दिवसांत साहेबाच्या सहीचं उत्तर द्यावं लागतं. नाही दिलं तर फाइल वर चढते. अशा पत्रांनी मी स्वतः रडकुंडीला आले आहे.

चेष्टा करते, पण घास घशाखाली उतरत नाही. साक्ष मागे घे म्हणून तिला धमकावतात. घेतली नाही तर दहा वर्षं. सुनावणी १४ मार्चला आहे. वाटेत रेंगाळू नकोस, बाई.

तुझीच,
आत्या

४ मार्च

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जिंकलो गं! दुकानमालक आधी कुरकुरले, हे दुकान आहे की पोस्ट? मग स्वतःच पाकिटं चिकटवायला बसले. गुंडाळीच्या झेरॉक्सवरचे पत्ते बघून चौदाशे जणांना पुन्हा गाठलं. एका ड्रायव्हरकाकांनी स्वतःच्या पेन्शनचंच गाऱ्हाणं लिहिलं, ते परत लिहून घेतलं. (त्यांचा कुत्रा तीन पायांवर पळतो, काय वेग!) खिडकीवरच्या बाई तीन दिवस माझ्याकडे बघून दातओठ खात होत्या, चौथ्या दिवशी त्यांनी स्वतःचंच पाकीट आत सरकवलं.

पंधरा दिवस भरले आणि फाइली चढत थेट मंत्र्यांपर्यंत गेल्या. एक साहेब खाली येऊन हात जोडून म्हणाले, पुरे करा. मी म्हटलं, तुम्ही एकच पत्र लिहा, राजदूतांना. काल मंत्र्यांनी सभागृहात जाहीर केलं: राजदूत सुनावणीला बसतील, आणि त्या कैद्यांच्या मारहाणीचाही जाब विचारतील. आता तू जेव.

ओरडलीस तरी लोभ ठेव.
भिंगरी

१५ मार्च

प्रिय भिंगरे,
खूप खूप आशीर्वाद.

मागच्या तारखेला माझ्यासाठी कोर्टात चिटपाखरू नव्हतं. काल राजदूत पहिल्या बाकावर बसले, शेजारी तीन परदेशी वार्ताहर. न्यायाधीशांनी विचारलं, साक्ष मागे घेता का? मी नाही म्हटलं. मग राजदूतांनी उभं राहून विनंती केली की ती सगळ्यांसमोर वाचावी. पूर्ण वाचली गेली, नऊ कैद्यांच्या नऊ जखमांसकट. वार्ताहर शब्दन्‌शब्द टिपत होते; वाचून संपताच सरकारी वकिलाने खटला मागे घ्यायची परवानगी मागितली. खटला रद्द झाला.

तुरुंगाधिकाऱ्याने माझी चप्पल पुढे ठेवली, फाटक उघडलं आणि जायला सांगितलं. मी तिथल्याच पायरीवर बसले. म्हटलं, नऊ जणांना बाहेरच्या दवाखान्यात हलवायचा हुकूम झालाय, आधी ती गाडी येऊ दे. तो चिडला, राजदूत घड्याळ बघत राहिले, पण कुणी मला उठवलं नाही. दोन तासांनी गाडी आली. नऊच्या नऊ मोजून चढवले, मग चप्पल घातली.

हे पत्र राजदूतांचा माणूस उद्याच तुला पोचवेल; मी परवा सकाळच्या विमानाने येते. आईला धीर दे, आणि तू जागेवर राहा, निदान एक दिवस.

तुझी, तुला कडकडून भेटायला आतुर,
ताई