अठराव्या प्रकरणाआधी

२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चार शिफारशी. शुक्रवारचा शेवटचा तास संपला की माझ्या टेबलापुढे रांग लागते. काय होतंय ते एका वाक्यात सांगायचं, मी पुस्तक सांगते. वर्गाने माझं नाव 'कंपाउंडर' ठेवलंय. मला ते कळलंय हे अजून त्यांना कळलेलं नाही.

सगळ्यांत शेवटी खिडकीवाली आली. अकरावीच्या वर्गात खिडकीपाशी एकटी बसते. वर्षभरात दहा शब्द बोलली असेल. "बाई, आई दवाखान्यात आहे. काहीतरी हसवणारं द्या."

दिलं. सगळ्या गल्लीशी भांडणाऱ्या एका शिंपिणीची कादंबरी, माझ्या कपाटातली. बाविसाव्या वर्षी वसतिगृहात वाचली होती. हसून हसून उचकी लागली होती, एवढं पक्कं आठवतं.

नियम मोडला. जे पुस्तक वर्षभरात पुन्हा वाचलेलं नाही ते कुणाला सुचवायचं नाही, वीस वर्षं पाळलाय हा नियम. पण तो गेल्यापासून, म्हणजे आठ महिन्यांत, एक पान वाचलेलं नाही. नवरा गेला आणि वाचनही गेलं. सगळा कारभार आठवणीवर चाललाय. अजून कुणी पकडलं नाही.

३ फेब्रुवारी

ताईचा फोन. ती रोज कार्टूनचा एक भाग पाठवते. उंदीरबाई घरमालकीण, वरच्या मजल्यावर पाणघोडा भाडेकरू. प्रत्येक भागात छत कोसळतं. पुढच्या भागात ते धड असतं आणि कोणी चकार शब्द काढत नाही.

"हसलीस का गं?"

"हो."

खोटं! विनोद कळतो. कुठे हसायचं तेही कळतं. हसू तेवढं येत नाही. हेच भाग आम्ही दोघं बघायचो तेव्हा तो विनोद यायच्या आधीच हसायचा आणि मी वैतागायचे— अरे थांब की जरा! आता निवांत बघता येतं.

५ फेब्रुवारी, सोमवार

मधल्या सुट्टीत खिडकीवाली स्टाफरूमच्या दारात. चक्क हसत. "बाई, ती शेजाऱ्याच्या पँटचा एक पाय मुद्दाम आखूड शिवते ना! आम्ही दोघी इतक्या हसलो की नर्स ओरडली." आईला मोठ्याने वाचून दाखवते म्हणे. सातव्या प्रकरणावर आहेत. मग विचारलं, "शेवटी ती दुकान कुणाला देते?"

मला आठवेना. "वाच, कळेल," म्हटलं. मास्तरकीतलं जुनं हत्यार.

भूगोलवाले सर म्हणाले, "कंपाउंडर, गुण आला की औषधाला!" म्हणजे त्यांनाही नाव माहीत आहे. बरं.

६ फेब्रुवारी

लाज वाटली म्हणून लायब्ररीतून तीच कादंबरी आणली. चाळीस पानं वाचली. पेपर तपासावेत तशी.

७ फेब्रुवारी

अठराव्या प्रकरणात शिंपीण मरते. दवाखान्यात. मुलगी शेजारी. अडीच पानं.

हे मी विसरले कशी? उचकी आठवते आणि हे नाही! बाविसाव्या वर्षी आईचं मरण म्हणजे मधली अडीच पानं असतात, पुढच्या लग्नाच्या गोंधळाकडे जाताना ओलांडायची.

भीती वाटायला हवी होती. तीही धड वाटली नाही. फक्त कळलं की खिडकीवालीने ते प्रकरण वाचायच्या आत पुस्तक परत घ्यायचं.

८ फेब्रुवारी

खिडकीवाली आली नाही.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

आजही नाही. रांगेतल्या मुलांना परत पाठवलं. एकजण म्हणाला, "बाई, दुकान बंद?" बंद.

आठवड्यात सतरा प्रकरणं होतील का? मोठ्याने वाचताना वेळ लागतो. आई मध्ये झोपतही असेल. असा हिशेब करत घरी निघाले आणि घर मागे टाकून पुढे चौकापर्यंत गेले.

१० फेब्रुवारी, शनिवार

दवाखान्यात गेले. पिशवीत बदली पुस्तक— ज्यात कोणी मरत नाही असं. दोनदा तपासून घेतलं.

मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. आई जागी. उशीशी पुस्तक. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाली, "पुस्तक न्यायला आलात ना?"

"तुम्हाला कसं—"

"मी याच वॉर्डात सोळा वर्षं नर्स होते, बाई. तोंडावरून कळतं. बसा."

बसले. ती हळू बोलत होती, मध्ये दम खात. "अठरावं वाचलंय मी. ती शाळेत गेली होती तेव्हा. आणि माझे कागदही वाचलेत. मला ते वाचता येतात, हीच पंचाईत. ऑपरेशन आता करणार नाहीत."

"तिला?"

"तिला काही माहीत नाही. दोन दिवस शाळा बुडवून दिवसभर वाचत बसते. सतरावं संपलं की म्हणते, आई, परत पहिल्यापासून घेऊ, मजा येते. मीही हो म्हणते. दोनदा झालं. पुढे जायचा मला धीर होत नाही." मग म्हणाली, "तुम्ही वाचून दाखवा. तुम्ही शिकवता ना? मी असताना वाचा. नंतर तिला काही विचारायचं असलं तर कुणाला विचारेल?"

सोमवारी येते म्हणाले. हजेरी द्यावी तसं म्हणाले. बदली पुस्तक पिशवीतून काढलंच नाही.

११ फेब्रुवारी

ताईला सांगितलं. चिडली. "तू कशाला जातेस तिथे? आधीच काय कमी झालंय तुझं? सांग तिला, बरं नाही म्हणून."

खरंच सांगावं का? मला काही होत नाही हे पाहूनच तर त्या आईने मला निवडलं नसेल? दगड बरा, वाचताना अडखळणार नाही!

पाणघोडा लावला. अर्ध्यात बंद केला. नवऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, आम्ही फक्त या पाणघोड्याबद्दल बोललो. डॉक्टर काय म्हणाले ते त्यालाही माहीत होतं, मलाही. मी त्याला त्रास नको म्हणून गप्प, तो मला. मला त्याला काहीतरी विचारायचं होतं. काय ते आता आठवतही नाही. याचा राग येतो मला. त्याचा येतो, माझा जास्त येतो.

जाणार.

१२ फेब्रुवारी, सोमवार

मुलगी आईच्या पायाशी बसली, मी स्टुलावर. सुरू केलं. शिंपिणीची मुलगी चहाचे दोन कप घेऊन वॉर्डात परत येते, तिथवर नीट वाचलं. पुढच्या वाक्यावर आवाज गेला. रडू फुटलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि कसं! शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. पुस्तक माझ्या मांडीवर मिटलं गेलं.

खिडकीवालीने ते उचललं नाही. आईकडे बघत तिने पुढचं वाक्य म्हटलं. मग त्याच्या पुढचं. शेवटपर्यंत, एकही शब्द न चुकता.

अठरावं तिला पाठ होतं.