तिसऱ्या चाकावरची जागा

४ फेब्रुवारी, मंगळवार

नाव नाही! गाडीवर माझं नाव नाही!

लाँड्रीतून सुटले ती थेट पेंटरकडे. रविवारी आमच्या मोटरसायकल क्लबचा मोठा दिवस – सकाळी गाड्यांचं प्रदर्शन, दुपारी शर्यत – म्हणून दादाने आमची साइडकार नव्याने रंगवायला टाकली होती. गर्द निळी. झकास दिसते, खोटं कशाला बोलू! टाकीवर पिवळ्या अक्षरांत दादाचं नाव, चांगलं ठसठशीत. आणि माझ्या बाजूला एक पिवळी रेघ. नुसती रेघ! पेंटरला विचारलं, इथे लिहायचं राहिलं का? ब्रश पुसत म्हणाला, "ताई, मला एवढंच सांगितलंय."

नऊ वर्षं मोटरसायकलला बाजूने जोडलेल्या त्या तिसऱ्या चाकाच्या फळीवर लोंबकळतेय मी. दादा हँडल धरून बसतो, माझ्याकडे बसायला सीटसुद्धा नाही, धरायला दोन कड्या. डावं वळण आलं की बाहेर झोकून द्यायचं, हेल्मेट रस्त्याला घासेल इतकं. उजवं आलं की दादाच्या पाठीमागून पलीकडे अंग टाकायचं. तेही वळणाच्या जरा आधीच, नाहीतर गाडी उलटलीच म्हणून समजा. आणि माइकवरचा माणूस दरवर्षी दादाचं नाव घेऊन पुढे म्हणतो, "सोबत त्यांची बहीण." जशी काही मी त्याचा डबा घेऊन आलेय!

५ फेब्रुवारी

दादाच्या कारखान्यात गेले. खुर्चीच्या पायाला पॉलिश घासत होता. मान वर न करता म्हणाला, "गाडी चालवतो कोण?"

"आणि उलटू देत नाही कोण?"

"अगं, तिसऱ्या चाकावर वजन लागतं म्हणून बसवतो तुला. वजनाचं कुणी नाव लिहितं का?"

म्हटलं, मग दुसरं वजन शोध. नाव लागल्याशिवाय मी त्या फळीवर पाय ठेवणार नाही. हसला. हसू दे.

७ फेब्रुवारी

सापडलं दुसरं वजन – वहिनीचा भाऊ! सगळे त्याला पैलवान म्हणतात. आखाडा कधी बघितला नाही त्याने, पण जेवायला बसला की कुणाची शंका राहत नाही. दादा म्हणे, "तुझ्या दुप्पट भरतो." बसा म्हणावं दोघे!

आज हॉस्पिटलच्या ओल्या चादरी मशीनमधून इतक्या जोरात ओढल्या की शेजारची म्हणाली, "बाई, चादरीने काय केलंय तुझं?" दुपारी कपड्यांच्या ढिगाआड जाऊन रडले. वाईट वाटून नाही, रागाने. नाही – थोडं वाईटही वाटलं.

८ फेब्रुवारी

उद्या जाणार. का नाही जाणार? क्लबचं जॅकेट माझ्याकडेही आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

साइडकार टेम्पोत चढली, पैलवान टेम्पो चालवायला, दादा शेजारी. बाकीच्यांच्या मोठमोठ्या मोटरसायकली रांगेने निघाल्या आणि सगळ्यांच्या शेपटाला माझी स्कूटर. कप्तान – क्लबचा म्होरक्या – मागे येऊन म्हणाला, "आपल्या रांगेत स्कूटर?" म्हटलं, दोन चाकं आहेत, मोजून घ्या. पुढे निघून गेला.

प्रदर्शनात आमच्या गाडीभोवती ही गर्दी! एका बाईने माझ्या कड्यांना हात लावून विचारलं, "इथे कोण बसतं?" दादा म्हणाला, "कुणीही."

कुणीही! मी मागेच उभी होते. त्याला माहीत नव्हतं.

सरावाच्या फेरीला मी डाव्या वळणापाशी कुंपणाच्या तारेला टेकून उभी राहिले. मनात म्हटलं, उलटू दे. मग लगेच म्हटलं, नको, लागेल दोघांना. गाडी आली. आणि गंमत बघा – तारेपाशी उभ्या उभ्या मीच डावीकडे झुकले! अंगाला सवय ना. गाडीवर पैलवान मात्र पोत्यासारखा बसलेला, नजर दादावर. दादा ताठ. वळत का नाही हा? अरे वळ! मी ओरडले. गाडी सरळ गेली, अगदी सरळ, पाहुणा ओळखीच्या घरात शिरतो तशी टायरांच्या भिंतीत शिरली.

लागलं कुणालाच नाही. सगळे धावलो. पैलवान गवतात बसून म्हणतो, "हा ट्रॅकच चुकीचा बांधलाय!" नाचता येईना अंगण वाकडं. मग दादावर घसरला, "भावजी, तुम्ही वळलाच नाहीत! मी तुमच्या वळण्याची वाट बघत होतो!"

"तू झुकला नाहीस, तर मी वळू कसा?" दादा गरजला. आणि त्याने जीभच चावली.

लोक हसत होते. दोघे एकमेकांची वाट बघत राहिले, हसण्यासारखंच होतं. मला हसू आलं नाही. म्हणजे आधी मी झुकते आणि मग तो वळतो? इतकी वर्षं मला वाटायचं, मी त्याच्या मागून जातेय!

गाडी ठोकून सरळ केली. शर्यतीआधी कप्तान दादाला घेऊन आला. "ताई, क्लबच्या इज्जतीचा प्रश्न आहे. बस आता."

"नाव."

दादा म्हणाला, "शर्यत होऊ दे, मग लिहू."

"मग म्हणजे कधीच नाही. आत्ता. खडूने लिही, चालेल. पण तुझ्या हाताने लिही आणि माइकवर सांगायला लाव."

कप्तानाने कुठूनसा खडू आणलासुद्धा. दादाने तो हातात धरला. मग हळूच म्हणाला, "लोक काय म्हणतील? गाडी बहीण वळवते?"

"म्हणू देत! खोटं आहे का?"

खडू टाकला आणि निघून गेला. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. पण माझाही पीळ त्याच घरचा आहे. शर्यत आमच्याशिवाय झाली. लाल गाडीवाले जिंकले, मी उभी राहून टाळ्या वाजवल्या. परत येताना माझ्याशी कुणी बोललं नाही. चहाला थांबले तेव्हा माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. ऐसपैस बसून प्यायले. गोड नाही लागला, पण संपवला.

१० फेब्रुवारी

कप्तानाचा फोन – "तुझ्या हट्टापायी क्लबचं नाक कापलं गेलं." म्हटलं, नाक जाग्यावर आहे, तिसरं चाक तेवढं गेलंय.

वहिनीचा निरोप – दादा नीट जेवत नाही. नाही तर नाही. मी जेवले. दोन घास कमीच, पण जेवले.

११ फेब्रुवारी

माफी मागायची नाही. मागायची नाही. मागायची नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी झाली तर दादा लाँड्रीच्या फाटकाशी. कधी आला नव्हता. म्हणाला, डोळ्यांत मधोमध डाग आहे, चार वर्षं झाली. चष्म्याने जात नाही, डॉक्टरांनी हात टेकले. समोरचं वळण दिसतच नाही. "तू झुकलीस की वळायचो."

चार वर्षं! आणि मी त्या कडीला जीव टांगून! भर रस्त्यात ओरडले, तोंडाला येईल ते बोलले. तो ऐकत राहिला. मग गाडीची किल्ली मागितली. दिली त्याने.

समोरून गाड्या येत होत्या. मी त्याचा हात धरला आणि रस्ता ओलांडून दिला. त्याने धरू दिला.