आमरीचा अधिवास

१० मार्च १९९६, जळोची
आज मध्यान्ही एक ट्रंक, तीन ग्रंथ आणि किंचित अजीर्ण यांसह अस्मादिकांचे येथे शुभागमन झाले. मंगलवाद्ये नव्हती, बारामतीच्या स्टँडवर बापूसाहेबांचा ट्रॅक्टर होता. उसाचे हे बागाईतदार गृहस्थ आता फुले परदेशी धाडू इच्छितात. त्यांच्या हरितगृहात मलबारच्या सदाहरित अरण्यातून आणलेल्या चाळीस आमरी (त्यांच्या मुखी 'आर्किड') आचके देत आहेत. त्यांना जगवणे, हे मज वनस्पतिशास्त्राच्या मास्तराचे अवतारकार्य. लगतच्या खोलीत निवास. चहा उत्कृष्ट.

१४ मार्च
आमरीला माती वर्ज्य, हे बापूसाहेबांना पटवताना घसा बसला. अरण्यात ती वृक्षाच्या सालीला बिलगते आणि हवेत सोडलेल्या मुळांनी दव पिते. येथे वृक्ष म्हणजे बाभळ आणि दव म्हणजे दंतकथा. रोपे अत्यंत शिस्तीने, रोज दोन, स्वर्गस्थ होत आहेत.

२१ मार्च
उरली एकोणीस. पाणी घालणाऱ्या म्हाळसाबाई मेंढपाळ घराण्यातल्या. वयाने माझ्याहून वडील, जिभेने तीक्ष्ण. म्हणाल्या, "मास्तर, पोरकं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर तिच्या मेल्या पिल्लाचं कातडं त्याच्यावर पांघरत्यात. वास वळखल्याबिगर ती पाजत न्हाय. तुमच्या ह्या कोकरांची आई कुठं हाय?"
सायंकाळी, निव्वळ विनोदबुद्धीने, माझी घामेजलेली बंडी फाडून त्या पट्ट्यांनी सारी रोपे बाभळीच्या ओंडक्यांना बांधली.

२७ मार्च
एकही रोप दगावले नाही! रुपेरी मुळे बोटभर लांबली. बापूसाहेबांनी पेढे वाटले. म्हाळसाबाईंनी घेतला नाही. पट्ट्या हुंगून त्यांनी विचारले, वास झाडाचा द्यायचा सोडून सोताचा का दिला? आता तुमालाच मेंढी व्हावं लागंल, म्हणाल्या. मी हसलो. एकटाच.

२ एप्रिल
प्रकाश दक्षिणेस. मुळे उत्तरेस वळली आहेत. उत्तरेस माझी खोली. ओंडके फिरवून ठेवले. दुपारपर्यंत मुळे पुन्हा उत्तरेस. मग मीच पूर्वेच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून तासभर बसलो. शास्त्रीय प्रयोग म्हणून.
मुळे पूर्वेस.

५ एप्रिल
म्हाळसाबाई कामावर आल्या नाहीत. निरोप आला: पट्ट्या सोडा, जाळा. सोडायला गेलो, तर पट्ट्या उरल्याच नाहीत. सूत शोषले गेले आहे. एका मुळाने उजव्या मनगटाला वेढा घातला. मूळ उबदार होते. बळेच सोडवले. मनगटावर साल सोलल्यासारखी खूण.

७ एप्रिल
बापूसाहेबांना सांगितले, जातो. ते म्हणाले, कळ्या धरल्यात, आता कुठं जाताय? तरी निघालो. दौंडची गाडी गाठायची होती. फाट्यापर्यंत पोचलो आणि श्वास पुरेना. तहान लागली — पाण्याची नव्हे, हरितगृहातल्या त्या दमट हवेची. परतलो. आत पाऊल टाकताच किती बरे वाटले. हे लिहिताना लाज वाटते.

९ एप्रिल
मनगट हिरवे. कातडी खरबरीत, भेगाळलेली. मूळ पुन्हा चिकटले — एक नव्हे, पाच. ओढले की कोपरापर्यंत कळ जाते.

१० एप्रिल
ओंडक्यांपाशी बसून डाव्या हाताने लिहितो. म्हाळसाबाई हरितगृहाच्या दाराशी आल्या आहेत. हातात कोयता. म्हणतात, अजून हातावर भागंल मास्तर, द्या तो हात, दवाखान्यात मी नेते. आत यायला धजत नाहीत. मुळे त्यांच्याकडेही —
त्यांचे म्हणणे खरे आहे. हात द्यायचा. ठरले. दार सात पावलांवर.
त्या रडत आहेत. उठा मास्तर, उठा म्हणतात.
उठलो. पण पाऊल — पाऊल उचलत नाही. चप्पल फाटली आहे, आतून. खाली पाहिले. बोटे मातीत शिरली आहेत, खोल, आणि मला तिथला ओलावा