हिरव्या ठिपक्याची राखण

प्रिय ठमे,

तुझ्या आजीला नोकरी लागली! हसू नकोस. पगार नाही, पण खुर्ची आहे, आणि तीही चाकांची. पहिल्या दिवशी बसले तर ती मला घेऊन थेट कपाटाला जाऊन धडकली आणि तुझा बाप ओरडला, आई, पाय टेकव, पाय! आता जमतं. काम असं, की त्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्या नावाशेजारी एक बारका ठिपका असतो. ठिपका हिरवा असला म्हणजे माणूस जागेवर. माऊस हलला नाही की तो हळूच पिवळा पडतो, आणि ठिपका पिवळा पडला की तिकडून साहेबीणबाई विचारतात, कुठे आहात? म्हणून तुझा बाप उठला की मी बसायचं आणि माऊस फिरवत राहायचं. एका हातानं माऊस फिरवते, दुसऱ्या हातानं मटार सोलते. तुझं तर कामच हे, लोकांच्या ऑफिसात असले प्रोग्राम बसवायचे आणि नवे आले की जुने काढायचे. त्यामुळे तुला काय त्याचं कौतुक? मला आहे. माझ्या बोटांवर माझा लेक दिवसभर हिरवागार राहतो!

त्याचं ऑफिस घरात आल्यापासून पुढची खोली त्याचीच झाली आहे. मालाच्या गाड्या कुठे पाठवायच्या ते तो तिथून ठरवतो. तुझी आई सकाळी दवाखान्यात ड्यूटीला गेली की घरात आम्ही दोघंच. आधी तो आंघोळीला नि जेवायला उठायचा तेवढंच. मग उठला की लवकर येईना. मला वाटलं पोट बिघडलं असेल, म्हणून मी ताक करून ठेवलं. ताक तसंच राहिलं. एकदा जिन्यातून त्याचा आवाज आला म्हणून दाराशी जाऊन उभी राहिले, तर हा पायरीवर बसून एकेका ड्रायव्हरला फोन करतोय. अरे बाबा, तू वळून गोदामाकडे जा, हो, हो, जुन्याच गोदामाकडे, आणि पोचलास की मला सांग. ड्रायव्हर त्याला मास्तर म्हणतात ते तुला माहीत आहे. त्या पायरीवर तो अगदी पूर्वीसारखा बोलत होता, मध्येच एकाला शिवी देऊन हसलासुद्धा. मी आनंदानं परत येऊन माऊस फिरवायला बसले. म्हटलं, लेक खुशीत आहे.

माझं ते म्हणणं चुकलं. त्यांच्याकडे आता फोनवर काम सांगायला बंदी आहे. जे सांगायचं ते प्रोग्राममध्येच लिहून सांगायचं, म्हणजे सगळ्यांना दिसतं आणि काही चुकलं तर कुणी कुणाचं नाव पुढे करत नाही. ही त्यांची पद्धत वाईट नाही, तूच एकदा मला समजावली होतीस. पण तो प्रोग्राम स्वस्थ बसत नाही ना! दर थोड्या दिवसांनी त्याचं रूप बदलतं. तुझा बाप सांगत होता, आई, तू सकाळी उठावंस आणि कुणीतरी तुझ्या ओट्यावरचे सगळे डबे हलवून ठेवलेले असावेत, तसं होतं बघ. मी म्हटलं, मग झाकणं उघडून बघ की एकेक. तर म्हणाला, सगळ्यांच्या देखत उघडायची असतात गं. तेव्हापासून माझ्या मनात ते घोळतंय. सध्या म्हणे जुनं आणि नवं दोन्ही चालू आहे. नवं त्यानं अजून उघडलेलंच नाही. पायरीवर बसून फोन करतो आणि मग संध्याकाळी जुन्यामध्ये नोंदी चढवतो. पुढच्या महिन्यात जुनं कायमचं बंद होणार.

आता माझा पराक्रम ऐक. मागच्या बुधवारी मी राखणीला बसले होते आणि समोर एक निरोप आला. तुझ्या पहिलीच्या पुस्तकावर तुझ्याबरोबर शिकले तेवढ्या भांडवलावर मी वाचायला लागले. न... वी... प... द्धत... एवढं होईपर्यंत त्याच्याखाली पाचसहा जणांचे अंगठे उमटले. अगं, खरेखुरे अंगठे, पिवळे, वर केलेले! मला काय वाटलं असेल सांग. मी लग्नापासून रेशनला, बँकेत, तुझ्या बापाच्या शाळेत, सगळीकडे अंगठाच दिलेला. अंगठा म्हणजे मी हजर आहे, माझी सही. म्हटलं, सगळ्यांनी दिला आणि माझ्या लेकाचाच राहिला तर साहेबीणबाई म्हणतील जागेवर नाही. मी दिला ठोकून. लगेच त्याच्यावर बदाम आले, टाळ्या आल्या. मी इतकी खूश झाले की एकटीच हसत बसले. त्या निरोपात विचारलं होतं, की नवी पद्धत बाकीच्यांना दाखवायला कोण कोण तयार आहे. सगळ्यांत जुना माणूस पुढे आला म्हणून साहेबीणबाईंनी पहिला मान त्यालाच दिला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सगळ्या ऑफिससमोर.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसती खुर्ची टेबलाखाली सरकवली. मी म्हटलं, अरे, सरळ सांग ना की म्हातारीचा हात लागला. तेव्हा म्हणाला, आणि म्हातारी तिथे काय करत होती ते काय सांगू? मला हे सुचलंच नव्हतं गं. खरं सांगावं तर ठिपक्याची राखण उघडी पडते, न सांगावं तर सोमवार आहेच. चार दिवस झाले, तो जेवला की ताटात बोट फिरवत बसतो. ड्रायव्हरांचे फोनही उचलत नाही. काल केसांना तेल लावून घ्यायला माझ्यापुढे खाली बसला. कधी बसत नाही. पाठमोराच म्हणाला, आई, मी सोडून देऊ का काम? मी तेल चोळत राहिले.

हे सगळं फोनवर सांगता येत नाही, कारण घरातला फोन पुढच्या खोलीत आणि तो पण तिथेच. म्हणून मटार बाजूला ठेवून, एकेक अक्षर जुळवत हे लिहितेय. तुझी आई ड्यूटीला जाताना पेटीत टाकेल. ठमे, तू घरातून निघालीस तेव्हा तो म्हणाला होता, बटणं इकडची तिकडे करायची ही काय नोकरी? आणि तू म्हणालीस, बाबा, तुम्ही मागे राहिलात. कोण जास्त चुकलं ते मी मोजत नाही. पण परवा त्यानं तुझा नंबर लावला आणि पलीकडे घंटी वाजायच्या आत ठेवून दिला, ते मी दारातून पाहिलं. त्याला विचारायचं आहे आणि विचारता येत नाही. तर तूच कर फोन. तुला शिकवते, असं चुकूनही म्हणू नकोस. तू म्हणाली होतीस ना, कुठलंही नवं काढलं की ते आधी चार जणांच्या हाती द्यायचं, त्यांची कुरकुर ऐकायची आणि मगच बाकीच्यांना द्यायचं? त्याला म्हण, बाबा, मला एक कुरकुर करणारा माणूस हवाय, कुठे अडतं ते तोंडावर सांगणारा. त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. माझं पत्र आलं हे सांगू नकोस. फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून बसेन. तो पहिल्यांदा काही बोलणार नाही. तू फोन ठेवू नकोस.

तुझीच,
दात कमी आणि तोंड जास्त असलेली
आजी