आप्पांच्या साड्यांची साईट

सुवर्णाआक्का,

आप्पांच्या साड्यांचे फोटो उघडंनात म्हणून काल तू जेवली न्हाईस. एकबी फोटो गेलेला न्हाय. आपली साईट बेंगळुरातल्या सर्व्हरवर हाय, तिथं ती अडकून बसलीती. सकाळी लॅपटॉपवरनंच ती बंद करून परत चालू केली. पयला फोटो आला तो आप्पा हातमागावर, आणि शेजारी तू दोन वेण्या घालून सुताच्या कांड्या भरतीस. लई वेळ बघत बसलो. आप्पा गेल्यापासनं मागाची खटखट थांबली आणि घर किती गप्प झालंय, ते तवा कळलं.

निपाणीची गाडी गाठायची हाय म्हणून तुला उठवलं न्हाय. आधी भाकरी खा, मग फोटो बघ. आणि आज माग विकत न्यायला माणसं येणार हुती, त्यास्नी येऊ नका म्हणून सांगितलंय.

साईनाथ